नागरी उष्णता बेट : छप्पर, झाड आणि रात्र

ल्यूक हॉवर्ड यांचा लंडनच्या हवामानावरील ग्रंथ १८१८ पासून प्रसिद्ध झाला व १८३३ मध्ये विस्तारित स्वरूपात पुन्हा निघाला. शहर व लगतचा ग्रामीण भाग यांच्या तापमानाच्या तुलनेत त्यांना शहर रात्री सरासरी सुमारे २ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण आढळले. दिवसा मात्र ते किंचित थंडच होते. 'नागरी उष्णता बेट' ही संज्ञा पुढे रूढ झाली. परंतु तिचा हा रात्रीचा पैलू नगरनियोजनाच्या चर्चेत बहुधा दुर्लक्षितच राहतो.

काँक्रीट, वीट व डांबर दिवसभर उष्णता साठवितात आणि सूर्यास्तानंतर ती सावकाश सोडतात. उंच इमारतींमधील अरुंद रस्त्यावरून आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. त्यामुळे उत्सर्जित उष्णता समोरच्या भिंतीवरच आदळत राहते. वाहने व वातानुकूलन यंत्रे यांची उष्णता तीत मिसळते. उघडी माती व झाडे नष्ट झाल्याने बाष्पीभवनाद्वारे होणारे शीतन थांबते. परिणामी दिवसभर तापलेल्या शरीरास रात्रीही विसावा मिळत नाही.

अहमदाबादचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मे २०१० मध्ये तेथे तापमान ४६.८ अंशांपर्यंत चढले आणि त्या महिन्यात अपेक्षेपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांची सज्जता यांनी जीव वाचतात. शहर मात्र त्यामुळे थंड होत नाही.

म्हणूनच २०१७ पासून तेथे वस्त्यांमधील छपरांना पांढरा लेप देण्याचा उपक्रम महत्त्वाचा ठरतो. चकाकणारा पत्रा ऊन परावर्तित करूनही तापतो, कारण उघडा धातू शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात अत्यंत कमकुवत असतो. चुन्याचा लेप ही दोन्ही कामे करतो आणि तोही अल्प खर्चात. छपराचे महत्त्व किती, हे त्याच शहरातील एका रुग्णालयाने दाखविले : नवजात अर्भकांचा कक्ष वरच्या मजल्यावरून खाली हलविताच उष्म्याने आजारी पडणाऱ्या अर्भकांची संख्या घटली.

तथापि लेपावर धूळ बसते, पावसाळ्यात तो झिजतो आणि वेळोवेळी पुन्हा द्यावा लागतो. शिवाय पांढऱ्या छपराचा लाभ मुख्यतः त्याखालील कुटुंबास होतो. रस्त्यावरील हातगाडीवाल्यास त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला सावलीच हवी, आणि तीही रुंद पर्णसंभाराच्या कडुलिंबाची किंवा वडाची. शोभेची पाम ती देत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती सिमेंट ओतले गेल्यास पाणी मुरत नाही व बाष्पोत्सर्जनही मंदावते. रस्ता रुंदीकरणात तोडलेल्या जुन्या वृक्षाच्या बदल्यात शहराबाहेर लावलेली दहा रोपे कागदावर हिशेब पुरा करतात; त्या रस्त्यावरची सावली मात्र गेलेलीच असते.