नाताळचं झाड पाखरांना द्या

न्यू जर्सीत घरोघरची नाताळची झाडं उतरली. पालिकेची गाडी कधी येणार, त्याच्या तारखाही लागल्या. अमेरिकेत दरवर्षी अशी अडीच-तीन कोटी खरी झाडं विकली जातात आणि जानेवारीत बरीचशी रस्त्याकडेला येतात. माझं म्हणणं एवढंच, की परसदार असेल तर झाड गाडीत घालू नका.

त्याचं कारण चिकडी. काळ्या टोपीचा हा पक्षी जेमतेम 11 ग्रॅमचा, आपल्या चिमणीच्या साधारण निम्म्या वजनाचा. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी तो रात्रभर कुडकुडत जाळतो. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून कडाक्याच्या रात्री अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणतो. सकाळी पुन्हा दाण्याला हजर! अशा जिवाला वारा सर्वांत महाग पडतो, कारण पिसांत धरून ठेवलेली ऊब वारा पळवतो. मेपल, ओक तर केव्हाच उघडेबोडके झालेले असतात. दाट सुयांचं हे फरचं झाड मात्र वारा अडवतं, बर्फ वरच्या वर झेलतं, आणि ससाणा झडप घालायला आला तर आत शिरायला जागा देतं.

आमच्या कुंपणाशी गेल्या आठवड्यात एक फ्रेझर फर आडवं टाकलं. तोडल्यावरही त्याच्या सुया बरेच दिवस टिकतात. दुसऱ्या सकाळी बर्फावर बारीक पावलांची रांग थेट फांद्यांखाली गेलेली दिसली. आत दोन जुन्को पक्षी पिसं फुगवून बसले होते.

टाकण्याआधी जरीच्या झिरमिळ्या, तारा, आकडे एकूण एक काढा, पाखरांचे पाय त्यात अडकतात. नकली बर्फ फवारलेलं झाड नकोच. खाली दोन ओंडके ठेवले की पोकळी राहते. पाइनच्या बोंडांना शेंगदाण्याचं बिनमिठाचं लोणी फासून, दाण्यांत घोळवून फांद्यांना टांगा. दाणे घालायचं भांडं मात्र झाडापासून दहा फूट लांब ठेवा, नाहीतर मांजर त्याच आडोशाला दबा धरून बसेल.

1970 पासून उत्तर अमेरिकेतले जवळपास 300 कोटी पक्षी कमी झाले, असं 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. एका झाडानं तो आकडा हलणार नाही. पण आपल्या परसातल्या चिकडीला आजची रात्र काढायची आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या मराठी घरांनो, झाड मार्चअखेरपर्यंत राहू द्या. उचलण्याआधी आत घरटं नाही ना, तेवढं बघा.