वसईच्या व्यापाऱ्याची निष्ठा

ख्रिस्ती हुतात्म्यांची गोष्ट निघाली कीं रोमच्या बादशहांपासून आरंभ करण्याची वहिवाट आहे. परंतु त्या मालिकेंतील एक पुरुष आपल्या वसईंत जन्मला व धंद्यानें व्यापारी होता, हें खानदेशच्या पेठांतील किती वाचकांस ठाऊक असेल? गोन्सालो गार्सिया यांची आई वसईची, वडील पोर्तुगीज. जपानांत व्यापार करून त्यांनीं पैसा व पत मिळविली. पुढें चालता धंदा सोडून ते मनिला येथें फ्रान्सिस्कन मठांत साधे बंधू म्हणून राहिले. जपानी भाषा अवगत असल्यामुळें १५९३ सालीं दुभाषी म्हणून ते धर्मोपदेशकांबरोबर पुन्हां जपानांत गेले. हिदेयोशीच्या हुकुमानें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. १८६२ सालीं पोपनें त्यांस संतपद दिलें.

त्यांचा पंथ आमचा नव्हे. तथापि निष्ठेस पंथ नसतो. त्यांनीं कोणाचा प्राण घेतला नाहीं, स्वतःचा दिला.

आम्हांपुढें क्रूस नाहीं. तरी जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलींची बाजू खासगींत न्याय्य म्हणणारे गृहस्थ पंचांसमोर मान खालीं घालतात. कारण काय, तर गिऱ्हाईक तुटेल! सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ चा कायदा केला आहे. कायदा कवच देतो. छाती ज्याची त्यानेंच आणावी लागते. ज्या सत्यासाठीं एक गिऱ्हाईकही सोडवत नाहीं, त्यास आपलें मत म्हणण्याचा आम्हांस अधिकार काय?