आठवडी बाजारातील जुने पितळ

बेळगावचा शनिवारचा बाजार असो वा निपाणीचा गुरुवारचा, मला मोह पडतो तो मोडीच्या पसाऱ्याचा. 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे मुक्रर झाली आणि ज्यांचा व्यवहारातील अंमल क्रमशः संपुष्टात आला, त्या शेर-मापट्यांपैकी एखादे त्या ढिगात गवसावे, त्याचे बूड बोटाने वाजवून, डाखाचा सांधा न्याहाळून, काठावर कोरलेले झिजके नाव लावून पाहावे, आणि मग किंमत कानडीत विचारून घासाघीस मराठीत करावी, हा आनंद एकाच दराच्या दुकानात लाभणे अशक्य! पुण्याचा जुना बाजार अधिक विस्तीर्ण खरा. परंतु “भवानीची वेळ आहे काका, न्या,” म्हणून भाव उतरवणाऱ्या येथल्या विक्रेत्याचे आर्जव मला अधिक प्रिय आहे.