बकरी ईद

मुसलमानी वर्षाचा शेवटचा महिना जिल्हेज. या महिन्याच्या दहाव्या दिवशी जो सण येतो, त्यास अरबी भाषेत ईद-उल्-अजहा, म्हणजे बलिदानाचा सण, असे म्हणतात. आपल्याकडे तो बकरी ईद या नावाने ओळखला जातो. त्याच्यामागे एका पित्याची व पुत्राची कथा आहे.

हजरत इब्राहीम हे ईश्वराचे निस्सीम भक्त होते. उतारवयात त्यांना इस्माईल हा पुत्र झाला. तो वडिलांच्या हाताशी कामाला येऊ लागला, तेव्हा इब्राहीम यांना एक स्वप्न पडले. त्या लाडक्या पुत्राचा आपण बळी देत आहोत, असे त्यांनी पाहिले. हा ईश्वराचाच आदेश, हे त्यांनी ओळखले. परंतु त्यांनी मुलाला फसवून नेले नाही. स्वप्न जसेच्या तसे सांगून त्याचे मत विचारले. आज्ञा झाली असेल तर ती पाळावी, आपण धीर सोडणार नाही, असे त्या मुलाने उत्तर दिले. या कथेत सुरीपेक्षा हे प्रश्नोत्तरच मोठे आहे. पित्याने पुत्राला पालथे निजविले, तोच ईश्वरी वाणी झाली. परीक्षा पुरी झाली होती. मुलाचे प्राण वाचले आणि त्याच्या जागी मेंढ्याचा बळी देण्यात आला. ही कथा कुराणात आली आहे. तेथे मुलाचे नाव नाही, पण तो इस्माईलच, असे मुसलमान मानतात. ज्यू व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातही ती आहे. तेथे पुत्राचे नाव इसहाक असे येते.

वाटेत सैतानाने इब्राहीम यांचे मन फिरविण्याचा यत्न केला व त्यांनी खडे मारून त्याला हाकलले, अशी आख्यायिका आहे. तिची आठवण म्हणून मक्केजवळील मिना येथे हजचे यात्रेकरू याच दिवसांत तीन ठिकाणी खडे मारतात.

ईदच्या सकाळी लोक स्नान करून चांगले कपडे घालतात, अत्तर लावतात आणि ईश्वराचा महिमा गात ईदगाहाकडे जातात. नमाज व प्रवचन झाल्यावर सारे एकमेकांना आलिंगन देतात. त्यानंतरच कुर्बानी होते. नमाजापूर्वी केलेली चालत नाही.

कुर्बानीचे नियम काटेकोर आहेत. जनावर आंधळे, लंगडे, रोगी वा हडकुळे असता कामा नये. टाकाऊ वस्तू देणे हे देणेच नव्हे! ज्याची ऐपत नाही, त्याच्यावर कुर्बानीचे बंधन नाही. कित्येक घरी बकरा काही महिने आधीच आणतात. मुले त्याला पाला घालतात, त्याचे नाव ठेवतात, अंगणात त्याच्यामागे धावतात. ईदच्या सकाळी तीच मुले अबोल होतात. त्यांची समजूत घालणे वडीलधाऱ्यांना सोपे जात नाही. कारण जे प्रिय तेच द्यावयाचे, हे या सणाचे मर्म मुलांनाच सर्वांच्या आधी कळलेले असते.

मांसाचे सामान्यतः तीन वाटे करतात. एक घरासाठी, दुसरा नातलग व शेजाऱ्यांसाठी, तिसरा गरिबांसाठी. कातडे विकून आलेला पैसा कोणी स्वतःजवळ ठेवीत नाही; खाटकाची मजुरीसुद्धा मांसातून किंवा कातड्यातून न देता वेगळी द्यावी लागते. मांसरक्ताला ईश्वराच्या दारी मोल नाही, मोल आहे ते अंतःकरणातील भक्तीला, ही कुराणाची शिकवण होय. मिना येथे लाखो जनावरांची कुर्बानी होते. ते मांस वाया जाऊ नये, म्हणून १९८३ पासून ते साठवून अनेक देशांतील गरिबांकडे पाठविण्याची व्यवस्था झाली आहे.

मुसलमानी वर्ष चंद्रावर चालते. ते सुमारे ३५४ दिवसांचे असून त्यात अधिक महिना नसतो. त्यामुळे ही ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि ३३ वर्षांच्या सुमारास सर्व ऋतूंतून फिरून येते. २०२२ साली १० जुलैला व २०२३ साली २९ जूनला ती आषाढी एकादशीच्याच दिवशी आली. कुर्बानीला दहाव्या दिवसापासून निदान तीन दिवसांची मुभा असते. २०२३ साली महाराष्ट्रातील अनेक गावांतील मुसलमानांनी या मुभेचा उपयोग केला. एकादशीच्या दिवशी त्यांनी ईदचा नमाज तेवढा पढला. कुर्बानी नंतरच्या दिवसांत केली.