शिंपल्यांतील बिऱ्हाडकरू

मावळच्या ओढ्यांतील खेकड्याचीं पिल्लें अंड्यांतून थेट खेकड्याच्याच रूपांत बाहेर पडतात आणि कांहीं दिवस आईच्या पोटाखालीं बिलगून राहतात. समुद्रांतील वाटाण्याएवढ्या खेकड्याचें तसें नाहीं. त्याची अळी लाटांवर वाढते, रूप पालटते आणि अखेर एखाद्या जिवंत शिंपल्यांत शिरते. मादी तेथेंच जन्म काढते. तिचें कवच मऊच राहतें. नर मात्र लहान व फिरस्ता. इ. स. पूर्व ४थ्या शतकांत अॅरिस्टॉटलनें या खेकड्याला शिंपल्याचा पहारेकरी म्हटलें. पहारा कसला! शिंपल्यानें कल्ल्यांवर गाळून जमविलेलें अन्न हा बिऱ्हाडकरू आयतें खातो आणि यजमानाचे कल्लेही दुखावतो. लोणावळ्याचा घाट उतरून कोकणांत गेलेल्या पाहुण्याला उकडलेल्या शिंपल्यांत असा मऊ खेकडा आढळला, तर ती बहुधा मादीच समजावी.