बीडच्या पाइपलाइनवर पहारा कुठे हवा?

बीड शहराला माजलगाव धरणाचे आणि पालीच्या बिंदुसरा प्रकल्पाचे पाणी मिळते. शुद्ध होऊन ते जलकुंभात चढते आणि भागाभागाने, काही दिवसांआड नळाला सुटते. दूषण ओळखणारे सेन्सर कुठे बसवावेत याचे उत्तर या ‘काही दिवसांआड’मुळे पार बदलते. २००६ साली अमेरिकेत सिनसिनाटीला याच प्रश्नावर संशोधकांची स्पर्धा झाली. त्यातल्या एका जाळ्यात सुमारे साडेबारा हजार जोडबिंदू होते आणि सेन्सर होते पाच किंवा वीस. दूषण लवकर कळावे, की कळेपर्यंत कमीत कमी लोकांनी ते पाणी प्यावे? निकष बदलला की जागाही बदलतात. पण ती सारी गणिते नळ्या सदैव भरलेल्या असतात असे धरून मांडलेली होती.

आपल्याकडे पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, दाब उतरतो आणि नालीशेजारच्या गळक्या जोडातून घाण आत शिरते. नळाला थेट मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. हुबळी-धारवाडच्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय जंतू सापडले, तर चोवीस तास पाणी असलेल्या भागात एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत. म्हणून सगळे सेन्सर शुद्धीकरण केंद्राच्या दाराशी लावणे मला अजिबात पटत नाही. पाणी बिघडते ते तिथून पुढे.

यावर तंत्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे: क्लोरीन मोजणारा सेन्सर ओलाच राहावा लागतो, कोरड्या नळीत तो टिकत नाही. मग तो जलकुंभाच्या मुखाशी, जिथे पाणी हटत नाही तिथे बसवावा. नाली ओलांडणाऱ्या नळ्यांवर दाब नोंदणारी साधने लावावीत. ती कोरड्या नळीतही चालतात. दाब उतरणे म्हणजे दूषण नव्हे हे खरे, पण दूषणाला वाट कुठे मिळाली ते त्यावरून कळते. टोकाच्या वस्तीत मात्र माणूसच हवा: पाणी सुटताच पहिल्या धारेची ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घ्यायची आणि लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का पाहायचे. खर्चाची अडचण सांगितली जाईल. पण गढूळ पाण्याच्या तक्रारी आणि काविळीचे, जुलाबाचे रुग्ण गल्लीवार नकाशावर मांडायला फारसा पैसा लागत नाही, आणि पहिली साधने कुठे लावायची ते त्या नकाशावरच दिसेल.