खरूज : मलम की गोळी?

खरूज सहसा जीवघेणी नसते. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु खाजेने रात्रीची झोप उडते, खाजवून झालेल्या जखमा चिघळतात आणि त्यांतील जंतुसंसर्गामुळे क्वचित मूत्रपिंडालाही इजा पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

त्वचेच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालणारा सूक्ष्म किडा हे या रोगाचे मूळ होय. प्रथमच लागण झालेल्यास खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर त्याच्याकडून इतरांना लागण होतच असते.

बाह्य उपचार

पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीही लावून ८ ते १४ तासांनी धुवावयाचे असते. साधारण आठवड्याने ते पुन्हा लावतात. दोन महिन्यांवरील अर्भकांनाही ते चालते. मात्र खाज असेल तेवढ्याच जागी मलम चोळल्यास ते निष्फळ ठरते.

पोटात घेण्याचे औषध

आयव्हरमेक्टिनची मात्रा वजनाच्या दर किलोस २०० मायक्रोग्रॅम असते. या औषधाने अंडी मरत नाहीत. म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा आवश्यक ठरते. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांना व गर्भवतींना ते सामान्यतः देत नाहीत.

रुग्ण एकटा असल्यास दोन्ही उपचार गुणकारी आहेत. वस्तीचा प्रश्न निराळा. फिजी देशातील बेटांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ रुग्ण व त्यांच्या निकटवर्तीयांवर उपचार केले तेथे वर्षभरात खरजेचे प्रमाण ४९ टक्क्यांनी घटले. सर्वांना मलम दिले तेथे ६२ टक्क्यांनी, तर सर्वांना गोळ्या दिल्या तेथे ९४ टक्क्यांनी. गोळी समक्ष देता येते. मलम नीट लागले की नाही, हे कोण पाहणार?

औषध कोणतेही असो, ते वैद्यकीय सल्ल्यानेच आणि घरातील सर्वांनी एकाच दिवशी घ्यावयास हवे. त्याच दिवशी कपडे व अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फसले असे समजू नये. घरातील एक जण जरी उपचारावाचून राहिला, तरी खरूज पुन्हा त्याच उंबरठ्यातून आत येते.